इंग्रजीत 'रन' शब्दाचे इतके अर्थ का आहेत? त्याचे सगळे समानार्थी शब्द पाठ करायची सोपी पद्धत कोणती?

पाठ करू नका. सोपी पद्धत नाही, आणि असती तरी कामाची नव्हती, कारण 'रनचे समानार्थी' अशी एक यादी नसतेच. प्रत्येक अर्थाचे समानार्थी वेगळे. माणूस रन करतो तिथे स्प्रिंट, जॉग, डॅश. पाणी रन होतं तिथे फ्लो. मशीन असेल तर ऑपरेट किंवा वर्क, दुकान असेल तर मॅनेज, नाटक तीन तास रन झालं तर लास्ट, पेपरने बातमी रन केली तर पब्लिश, अन् कोणी चोरून बंदुका रन केल्या तर स्मगल. इथला शब्द तिथे टाकला की वाक्य गेलंच.

आकडा हवा असेल तर ऑक्सफर्डची ती अनेक खंडांची मोठी डिक्शनरी आहे ना, तिच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात जास्त अर्थ 'सेट'चे होते, 430. पुढे नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर नावाचे संपादक एकट्या 'रन'वर नऊ महिने बसले आणि 2011 मध्ये क्रियापदाचेच 645 अर्थ झाले, नाम म्हणून जे अर्थ आहेत ते वेगळेच. इतके का, तर शब्द फार जुना, छोटा आणि रोजच्या तोंडचा. आधी माणसं-जनावरं पळायची, पाणी वाहायचं, मग कारखाने आले, रेल्वे आली, त्यांनाही लोकांनी तोच शब्द लावला, मग धंद्याला, मग कॉम्प्युटरच्या प्रोग्रामला. आपल्याकडे 'लागणे'चं काय वेगळं आहे? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दिवे लागतात, अन् 'हा तुझा कोण लागतो' हेही आपण विचारतोच. कोणी पाठ केलं होतं का हे?

आता मी हे एवढं का लिहून राहिले ते सांगते. आठवीत आम्हाला 'माय फादर' असा निबंध होता. माझ्या बाबांचा नागपूरच्या इतवारीत तर्री-पोह्यांचा ठेला होता, सकाळी सहाला सुरू व्हायचा, अकराला पोहे संपले की बंद. पोहे द्यायला बाबा रद्दीतून पेपर आणायचे, त्यात हितवाद या इंग्रजी पेपरची पानंही यायची, आणि मी चण्याची तर्री उकळेपर्यंत बाजूला बसून त्याचे चौकोन फाडत फाडत वाचायची. त्यातच कुठेतरी कोणीतरी बाई शाळा 'रन' करते असं वाचलेलं, अर्थ बातमीवरूनच कळला होता. म्हणून मी निबंधात लिहिलं, माय फादर रन्स अ पोहा स्टॉल. मला ते वाक्य खूप आवडलं होतं, हे आजही सांगते.

सरांनी 'रन्स'ला लाल गोल केला, वर 'हॅज' लिहिलं, अर्धा मार्क कापला आणि वही हातात धरून सगळ्या वर्गासमोर विचारलं, "काहून वं, तुझा बाप ठेला घेऊन पळून राहिला का?" वर्ग हसला. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की बाबा खरंच ठेला ढकलत गल्लीत पळायचे, हे वर्गातल्या अर्ध्या पोरांना माहीत होतं, म्हणून ते जास्तच हसले.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, काय झालं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी सांगितलं की सरांनी असं असं बदललं. ते म्हणाले, "हॅज म्हणजे?" म्हटलं, आपला आहे, आपल्याकडे आहे असं. तर ते म्हणाले, "मग हे खोटं झालं ना. ठेला तर शेठचा आहे, आपण भाडं देतो. आपण चालवतो फक्त."

म्हणजे बघा, रोज संध्याकाळी शेठला भाडं जायचं त्या ठेल्याचं, आणि माझा शब्दच नेमका होता. एखादी गोष्ट मालकीची नसताना चालवता येते, मालकीची असून न चालवताही ठेवता येते, 'ओन' आणि 'रन' हे वेगळेच. 'मॅनेज'ही जरा वेगळा, मॅनेज म्हटलं की हाताखाली माणसं, हिशेब, व्यवस्था असं काहीतरी डोळ्यासमोर येतं. पहाटे उठून कांदा कापण्यापासून प्लेटा धुण्यापर्यंत सगळं स्वतः करणाऱ्या माणसासाठी 'रन'च बरोबर. शाळेच्या लायब्ररीतून डिक्शनरी काढून मी सरांना नेऊन दाखवली, धंदा चालवणे हा अर्थ तिथे छापलेला होता. ते म्हणाले, डिक्शनरीत काहीही असते, परीक्षेत आम्ही शिकवतो ते चालते. मार्क दिला नाही.

आज मी मानेवाड्यात घरीच आठवी ते दहावीच्या ट्यूशन घेते. मागे एक पोरगी कुठल्याशा क्लासची पुस्तिका घेऊन आली, त्यात एका ओळीत रन म्हणजे जॉग, स्प्रिंट, ऑपरेट, फ्लो, मॅनेज. तिने ती ओळ घोकली आणि वहीत लिहून आणलं की नाग रिव्हर ऑपरेट्स थ्रू नागपूर. पोरगी हुशार आहे, तिचं काही चुकलं नाही, चुकलं ते यादी छापणाऱ्याचं. असल्या याद्या विकणाऱ्यांना शिक्षक म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मुलाने डिक्शनरी समोर धरल्यावरही जो मान्य करत नाही त्याने लाल पेन हातात घेऊच नये.

तुम्ही एवढंच करा. शब्द दिसला की ते अख्खं वाक्य लिहून ठेवा, मग डिक्शनरी उघडा आणि पहिल्याच अर्थावर थांबू नका, खाली जात राहा, तुमच्या वाक्याला बसणारा अर्थ सापडेपर्यंत. मग त्याच अर्थाचा समानार्थी वाक्यात टाकून मोठ्याने वाचा. 'गॅस रन आऊट झाला' आणि 'बॅट्समन रन आऊट झाला' ही दोन वाक्यं शेजारी लिहिली तरी बरंच डोक्यात बसतं.

बाकी तुम्ही स्पर्धा परीक्षेची तयारी करत असाल आणि पेपर पुढच्या आठवड्यावर असेल तर यादी वाचा, मी नाही म्हणत नाही, काही प्रश्नात शब्द सुटा देतात आणि तिथे यादीने मार्क मिळतात. पण शब्द वाक्यात अधोरेखित करून दिला असेल तर आधी पूर्ण वाक्य वाचा, मगच पर्यायांकडे बघा, कारण तिथे चारातले दोन पर्याय 'रन'चेच खरे समानार्थी असू शकतात, फक्त दुसऱ्या अर्थाचे.