चपलेचा जोड आणि फुटलेला पेपर

प्रश्न : एकत्र जन्मलेले जुळे फोटॉन (प्रकाशाचे कण) कितीही दूर गेले तरी मोजल्यावर जुळणारी उत्तरं देतात, याचं एवढं कौतुक का, ते कळत नाही. प्रवासाला निघताना चुकून चपलेचा एकच पाय बॅगेत गेला. नागपूरला पोचून बॅग उघडली, उजवा निघाला. म्हणजे घरी डावा. यात जादू कसली? फोटॉनही निघतानाच उत्तरं ठरवून निघत असतील. की सगळं विश्वाच्या आरंभीच ठरलेलं आहे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमची चप्पल आइन्स्टाइनला पटली असती. १९३५ साली पोडोल्स्की आणि रोझेन यांच्यासोबत त्याने हेच म्हटलं होतं, की पुंजयांत्रिकीचं (क्वांटम मेकॅनिक्सचं, म्हणजे सूक्ष्म कणांच्या शास्त्राचं) वर्णन अपुरं आहे. ते पुरं करणारी जी माहिती कण सोबत घेऊन निघतात, तिला पुढे ‘लपलेले चल’ म्हणू लागले. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी चपलेऐवजी मोज्यांचं उदाहरण घेतलं. त्यांचा एक सहकारी दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालायचा.

चपलेला एकच प्रश्न विचारता येतो : डावी की उजवी? गंमत तीन प्रश्नांपासून सुरू होते. बारावीच्या वर्गात मी दोन मुलांना प्रयोगशाळेच्या दोन टोकांना पाठमोरं उभं करायचो. हातात काडेपेटी, आत चिठ्ठी, चिठ्ठीवर तीन प्रश्नांची हो-नाही उत्तरं. प्रश्न म्हणजे ध्रुवकाचे (प्रकाश गाळणाऱ्या पोलरायझरचे) कोन : ०, ६० आणि १२० अंश; फोटॉन पार गेला तर ‘हो’, अडला तर ‘नाही’. अट एकच, दोघांना सारखाच प्रश्न आला तर उत्तर सारखंच हवं. म्हणजे चिठ्ठ्या हुबेहूब असायला हव्यात. आता दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारा. उत्तरं तीन आणि प्रकार दोनच, तेव्हा तिन्हींपैकी निदान कुठली तरी दोन उत्तरं जुळणारच. चिठ्ठीत काहीही लिहा, १२०० वेळा विचारलं तर सरासरी निदान ४०० वेळा जुळणार.

जुळे फोटॉन मात्र ३०० वेळाच जुळतात. ६० अंशांच्या कोसाइनचा वर्ग, पाव. ध्रुवकातून किती प्रकाश पार जातो ते सांगणारा, बारावीतला मालसचा नियमच तो.

बेल यांनी १९६४ साली दाखवलं ते हेच, जरा वेगळ्या हिशेबाने. क्लाउझर आणि फ्रीडमन यांनी १९७२ मध्ये बर्कलीत तपासलं. १९८२ मध्ये आस्पे यांनी फोटॉन वाटेत असतानाच प्रश्न बदलले. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन घेऊन आधीच्या प्रयोगांतल्या पळवाटा बुजवल्या. निकाल दर वेळी चिठ्ठीच्या विरुद्ध.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि खरा तोच. एकदा एक पोरगा म्हणाला, “सर, कोणाला कोणता प्रश्न येणार ते आधी सांगा, तीनशेच आणून देतो.” सांगितलं, आणि त्याने आणले! बेल यांच्या सिद्धतेत एक गोष्ट गृहीत आहे : चिठ्ठी लिहिणाऱ्याला पेपर माहीत नाही. पण चिठ्ठी आणि प्रश्न दोन्ही विश्वाच्या एकाच आरंभस्थितीतून आले असतील, तर पेपर फुटलेलाच आहे. याला सुपरडिटर्मिनिझम म्हणतात. नोबेल मिळवलेले जेरार्ड ट होफ्ट हा विचार गंभीरपणे मांडतात, तेव्हा वेडगळ म्हणून उडवून लावता येत नाही.

२०१८ मध्ये स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या प्रयोगात प्रश्न निवडले ते दोन क्वेसारांच्या (अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांच्या) प्रकाशाच्या रंगावरून. एकाचा प्रकाश ७.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला, दुसऱ्याचा १२.२ अब्ज. फोटॉन तरीही तसेच वागले. म्हणजे पेपर फुटला असेलच, तर पृथ्वी जन्मण्याच्या कितीतरी आधी. मात्र विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. त्याआधीचा काळ उरतोच, आणि तुमची शंका तिथे जाऊन बसू शकते.

मला ती पटत नाही. हीच सबब नव्या औषधाच्या चाचणीलाही लावता येईल : चिठ्ठ्या टाकून औषध दिलं खरं, पण बरे होणारेच त्या गटात जायचे हे आरंभापासून ठरलेलं होतं. मग तपासायचं तरी काय?

त्या पोराला मात्र मी “कॉपी करतोस काय रे?” म्हणून खाली बसवलं होतं. ते चुकलंच.