वाचकांचे प्रश्न : ओकिनावा, ग्वाम की ओआहू?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे यजमान अमेरिकेच्या नौदलात तंत्रज्ञ आहेत आणि गेली चार वर्षे आम्ही सॅन डिएगोला राहतो. पुढच्या बदलीसाठी त्यांना तीन जागा पसंतीक्रमाने लिहून द्यायच्या आहेत : जपानमधले ओकिनावा, पॅसिफिकमधला अमेरिकेचा प्रदेश ग्वाम आणि हवाईतले ओआहू. मुलगी तेरा वर्षांची आहे, मुलगा पाच वर्षांचा. मुलाला दमा आहे. वर्षातून एकदोनदा त्याला रुग्णालयात न्यावे लागते, शिवाय शाळेत त्याचे वाचा-उपचार चालू आहेत. मी एका कंपनीचे हिशेबाचे काम घरून करते. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्वासाठी अजून अर्ज केलेला नाही. यजमानांचे मन ओकिनावावर आहे, मुलगी हवाईचा हट्ट धरून बसली आहे आणि मला काहीच सुचत नाही. कशाच्या आधारे ठरवावे?
– एक भगिनी, सॅन डिएगो

उत्तर : पसंतीचा अर्ज भरण्याआधी मुलाची वैद्यकीय फाइल उघडून बसा, एवढीच माझी पहिली विनंती. विशेष वैद्यकीय किंवा शैक्षणिक गरज असलेल्या कुटुंबीयांची नोंद ज्या योजनेत होते, त्या ई.एफ.एम.पी.मध्ये तुमच्या मुलाचे नाव अजून नसेल, तर ते आत्ताच घालून घ्या. ही नोंद केल्याने नवऱ्याच्या बढतीवर परिणाम होतो, असे अनेक घरांत मानले जाते आणि त्या धास्तीने आजार दडवला जातो. पण ही नोंद बढतीच्या निवडीसाठी वापरायची नाही, असा नियम आहे. उलट नोंद लपवली आणि ऑर्डर हातात पडल्यावर परदेशी बदलीच्या स्क्रीनिंगमध्ये दमा उघड झाला, तर तिथल्या रुग्णालयाला ‘या मुलाची काळजी आम्ही घेऊ शकत नाही’ असे कळवावे लागते. मग सामान बांधून तयार असलेले घर अधांतरी लटकते, किंवा यजमान एकटे पुढे जातात आणि तुम्ही मुलांसह मागे राहता.

दम्याच्या दृष्टीने तिन्ही बेटांवर हवा दमट आहे आणि भिंतींना, कपाटांना, गाद्यांना बुरशी धरणे ही तिन्हीकडची नित्याची तक्रार आहे. तेव्हा ‘कुठली हवा चांगली’ यापेक्षा ‘रात्री दोन वाजता मुलाचा श्वास अडला तर पुढे काय’ हा प्रश्न तुम्ही विचारायला हवा. ओआहूवर ट्रिपलर आर्मी मेडिकल सेंटर आहे, ते पॅसिफिक भागातले सर्वांत मोठे लष्करी रुग्णालय. त्याखेरीज होनोलुलूतली नागरी रुग्णालये आहेतच. ओकिनावात कॅम्प फॉस्टर या अमेरिकी तळावर 2013 साली नव्या इमारतीत गेलेले नौदलाचे रुग्णालय आहे आणि नौदलाच्या परदेशांतल्या रुग्णालयांत ते सर्वांत मोठे आहे. बाहेरच्या जपानी रुग्णालयांचा दर्जाही उत्तम आहे, फक्त घाबरलेल्या आईला तिथे आपले म्हणणे दुभाष्याच्या मदतीने सांगावे लागते. ग्वामचे नौदल रुग्णालय लहान आहे. त्याच्या आवाक्याबाहेरचे रुग्ण बेटाबाहेर, बहुतेक वेळा विमानाने सात-आठ तासांवर असलेल्या हवाईला, पाठवावे लागतात. मुलाला आजवर अतिदक्षता विभागाची गरज पडली आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. पडली असेल, तर ग्वामचा विचार मी तिथेच थांबवीन.

आता त्याहून नाजूक गोष्टीकडे येते. ती बेटाची नाही, नेमणुकीची आहे. यजमानांची नवी नेमणूक किनाऱ्यावरच्या कार्यालयात आहे की जहाजावर, पाणबुडीच्या तुकडीत की महिनोन्‌महिने फिरतीवर असणाऱ्या पथकात, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि माझ्या मते बेटाच्या नावापेक्षा ते अधिक महत्त्वाचे आहे. आम्ही ओकिनावात होतो तेव्हा माझे यजमान पहिल्या वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस समुद्रावर होते. एकदा वादळाचा इशारा वरच्या पायरीवर गेला, घराबाहेर पडण्यास मनाई झाली आणि त्याच संध्याकाळी धाकट्याला ताप भरला. शेजारच्या घरातली बाई मनाई लागू होण्यापूर्वीच आपल्या दोन मुलांना घेऊन आमच्याकडे राहायला आली, म्हणून ती रात्र निभावली. घरातला एक माणूस नाही असे धरून ज्या बेटावर तुमचा एक आठवडा नीट पार पडेल, ते बेट तुमचे. यजमानांना त्यांच्या नेमणूक अधिकाऱ्याकडून ही माहिती आधी काढू द्या.

शाळेचा प्रश्न दोन्ही मुलांसाठी वेगवेगळा आहे. ओकिनावा आणि ग्वाम येथे संरक्षण खात्याच्या स्वतःच्या शाळा आहेत. तिथे वाचा-उपचार शाळेतूनच मिळतात, मात्र जागेवर उपचारतज्ज्ञ आहे की पद रिकामे आहे, हे ईमेल करून विचारायला हवे. ओकिनावात काडेना आणि कुबासाकी ही दोन हायस्कुले आहेत. तिथे प्रत्येक वर्गातली मुले तीन वर्षांत येतात आणि जातात, त्यामुळे नव्या मुलीला ‘नवी’ म्हणून फार दिवस एकटे बसावे लागत नाही. हवाईत संरक्षण खात्याच्या शाळा नाहीत. तिथे मुले राज्याच्या सरकारी शाळांत जातात. सबंध राज्य हा एकच शालेय जिल्हा आहे, पण शाळाशाळांत फरक मोठा असल्याने घर कुठल्या भागात घ्यायचे हे शाळेवरून ठरवावे लागते. मुलगी तेरा वर्षांची आहे, म्हणजे तीन वर्षांच्या मुक्कामानंतरची बदली तिच्या हायस्कूलच्या ऐन मध्यावर येणार. हे तिन्ही ठिकाणी तसेच राहील, परंतु तिला ते आजच, तिच्या वयाचा मान राखून सांगायला हवे. समुद्रकिनाऱ्याची छायाचित्रे पाहून धरलेला हट्ट आणि पुढच्या बदलीची तारीख कळूनही टिकलेला हट्ट यांत फरक असतो, आणि दुसऱ्या प्रकारचा असेल तर तो अवश्य ऐकावा.

तुमची नोकरी हा माझ्या दृष्टीने दुय्यम मुद्दा नाही, जरी पत्रात तुम्ही तो एका वाक्यात उरकलात. जपानमध्ये तुम्ही तिथल्या सरकारशी झालेल्या सोफा करारान्वये राहणार, म्हणजे अमेरिकी फौजेसोबत आलेले कुटुंबीय या नात्याने. त्या दर्जावर अमेरिकेतल्या कंपनीचे काम ओकिनावातल्या घरात बसून करता येईल का आणि कराचे काय होईल, याचे उत्तर बेसच्या कायदेविषयक साहाय्य कार्यालयाकडून लेखी घ्या. ओळखीच्या कुणाला चालले म्हणून आपल्याला चालेल असे धरू नका. कंपनीलाही विचारा, कारण परदेशातून संगणकावर काम करू देण्यास पुष्कळ कंपन्या तयार नसतात. हवाई हे राज्य आणि ग्वाम हा अमेरिकेचा प्रदेश असल्याने तिथे हा गुंता बराच कमी आहे. घड्याळ तेवढे पाहा : ग्वाम भारताच्या साडेचार तास पुढे असते, ओकिनावा साडेतीन तास पुढे, आणि हवाई साडेपंधरा तास मागे. कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांसोबत रोज काम करायचे असेल तर हवाई सोयीची आहे. रोज संध्याकाळी भारतातल्या आईशी बोलायचे असेल तर ओकिनावा. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात त्या साडेतीन तासांचे मोल मला कळले, म्हणून हे लिहिले.

ग्रीन कार्डाविषयी निश्चिंत राहा, पण गाफील राहू नका. इमिग्रेशन कायद्याच्या दृष्टीने हवाई आणि ग्वाम अमेरिकेतच मोडतात. ओकिनावा परदेश आहे. तरी 2008 पासून कायद्यात अशी तरतूद आहे की, सरकारी ऑर्डरमध्ये नाव असलेला जोडीदार सैनिकासोबत परदेशात राहिला, तर तो काळ नागरिकत्वासाठी अमेरिकेतल्या वास्तव्यात धरता येतो. यातली कळीची गोष्ट म्हणजे ऑर्डरमधले तुमचे नाव. कमांड स्पॉन्सरशिप, म्हणजे कुटुंबाला सोबत नेण्याची लष्कराची परवानगी, मंजूर होऊन तुमचे आणि दोन्ही मुलांचे नाव ऑर्डरवर आले आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय घर सोडण्याची नोटीस देऊ नका. मुलांना तिथल्या शाळेत हक्काची जागा मिळणे, सबंध कुटुंबासाठी घर मिळणे, सरकारी खर्चाने प्रवास होणे, हे सारे त्या मंजुरीवर अवलंबून असते. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल, तर जपानमध्ये प्रवेशासाठी कोणती जादा कागदपत्रे लागतील याची चौकशी पहिल्याच आठवड्यात सुरू करा, कारण घरातल्या इतरांना लागू पडणारी यादी तुम्हाला लागू पडेलच असे नाही.

घराचे आणि पैशाचे थोडक्यात सांगते. हवाईत घरभाड्यासाठी मुख्य भूमीवर मिळतो तोच ठरावीक भत्ता त्या भागाच्या दराने मिळतो; ओकिनावात आणि ग्वाममध्ये परदेशी निवासभत्ता लागू होतो, त्यात ठरलेल्या मर्यादेपर्यंत प्रत्यक्ष भाडे आणि वीजपाण्यासाठी वेगळी रक्कम मिळते. महागाई भत्ता तिन्हीकडे आहे, परंतु ओकिनावात तो येनच्या दरासोबत वरखाली होतो, तेव्हा त्यावर महिन्याचे हप्ते बांधू नका. गाडी ओकिनावात सहसा नेता येत नाही. ती अमेरिकेत सरकारी खर्चाने ठेवून तिथे जुनी जपानी गाडी घ्यावी लागते. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवण्याची सवय तुमच्या हातांना अजून असेल, ती तिथे उपयोगी पडेल. ग्वामला आणि हवाईला एक गाडी नेता येते.

बेटाचा आकारही मनावर परिणाम करतो. ग्वाम सुमारे 48 किलोमीटर लांब आहे आणि तिथे दीड लाखांच्या आसपास लोक राहतात. पहिल्या दोन महिन्यांत सगळे रस्ते पाठ होतात. ज्यांना पोहणे, पाण्याखाली बुडी मारणे, तिथल्या मूळ चामोरो लोकांच्या गावजत्रांत मिसळणे आवडते, ती कुटुंबे तिथून निघताना रडतात हे मी पाहिले आहे. ज्यांना गर्दीत आणि बाजारात जीव रमवायची सवय आहे, त्यांना तेच बेट कोंडते. मे 2023 मध्ये मावार वादळ ग्वामला भिडले, तेव्हा पुष्कळ घरांत कित्येक दिवस वीज आणि पाणी नव्हते. वाफेचे यंत्र विजेवर चालणाऱ्या दम्याच्या मुलासाठी हा तपशील किरकोळ नाही. हवाईबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी : नोव्हेंबर 2021 मध्ये रेड हिल येथील नौदलाच्या साठ्यातले इंधन पर्ल हार्बर परिसरातल्या कुटुंबांच्या पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि हजारो माणसांना घरे सोडून हॉटेलांत राहावे लागले. तो साठा बंद करण्याचा निर्णय 2022 मध्ये झाला. तुम्हाला मिळणारे घर कुठल्या पाणीपुरवठ्यावर आहे आणि त्या पाण्याचे ताजे तपासणी-अहवाल काय म्हणतात, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

ओकिनावाला जायचे झाले, तर तिथल्या माणसांच्या मनात काय आहे ते समजून जा. 1945 च्या लढाईत त्या बेटावरचे नागरिक फार मोठ्या संख्येने मारले गेले, 1972 पर्यंत बेट अमेरिकेच्या ताब्यात होते, आणि आजही जपानमध्ये केवळ अमेरिकी फौजेच्या वापरात असलेल्या जमिनीपैकी सुमारे 70 टक्के जमीन एकट्या ओकिनावात आहे. तळाच्या दाराबाहेर निषेधाचे फलक धरून उभ्या असलेल्या आजोबांचा राग तुमच्या मुलांवर नसतो. मुलीला हा इतिहास शिकवून नेलात, तर ती त्या बेटावर पाहुण्यासारखी वागेल, आणि पाहुण्याला ओकिनावाची माणसे अपार माया लावतात.

तुम्ही मला स्पष्ट विचारलेत, म्हणून स्पष्ट सांगते. तुमच्या जागी मी ओआहू पहिल्या क्रमांकावर, ओकिनावा दुसऱ्या आणि ग्वाम तिसऱ्या क्रमांकावर लिहीन. मुलाचा दमा आणि तुमची चालू नोकरी ही माझी दोन कारणे आहेत. मात्र ओआहूची नेमणूक जहाजावरची आणि ओकिनावाची किनाऱ्यावरची असेल, कॅम्प फॉस्टरच्या रुग्णालयाने मुलाची फाइल पाहून होकार दिला असेल आणि कंपनीनेही परवानगी दिली असेल, तर मी ओकिनावा पहिल्या आणि ओआहू दुसऱ्या क्रमांकावर लिहीन, आणि यजमानांची इच्छाही त्यात पुरी होईल.

प्रश्न : आमची पाच महिन्यांनी ओकिनावाला बदली आहे. घरात आठ वर्षांची कुत्री आहे. तिला नेणे जमेल का?
– एक वाचक, नॉरफोक

उत्तर : जमेल, पण आज संध्याकाळीच पशुवैद्याला फोन करा. जपानच्या नियमानुसार आधी मायक्रोचिप, मग किमान तीस दिवसांच्या अंतराने रेबीजच्या दोन लसी, मग रक्ताची प्रतिपिंड चाचणी, आणि रक्त घेतल्याच्या दिवसापासून 180 दिवसांची प्रतीक्षा असा क्रम आहे. पोहोचण्याच्या निदान 40 दिवस आधी तिथल्या अधिकाऱ्यांना सूचनाही द्यावी लागते. मायक्रोचिपच्या आधी दिलेली लस धरली जात नसल्याने जुनी कागदपत्रे तारखेसह तपासा. लसी झालेल्या असतील आणि फक्त रक्त तपासायचे उरले असेल, तरीही पाच महिने 180 दिवसांना पुरत नाहीत. तेव्हा उरलेले दिवस विलगीकरणात काढायचे, की कुत्रीला घरच्या कुणाकडे ठेवून नंतर न्यायचे, हे ठरवावे लागेल. आठ वर्षांच्या कुत्रीला विलगीकरणापेक्षा ओळखीच्या माणसाजवळ ठेवणे मला अधिक दयेचे वाटते. 1 जानेवारी 2024 पासून परदेशी बदलीत एका कुत्र्याच्या किंवा मांजराच्या नेण्याच्या खर्चापैकी 2,000 डॉलरपर्यंत भरपाई मिळते, म्हणून सगळ्या पावत्या जपून ठेवा.

प्रश्न : लग्नाला सहा महिने झाले आहेत. यजमान म्हणतात, ‘मी ग्वामला एकटा जातो, तू इथेच नोकरी कर, एकट्याचा मुक्काम लवकर संपतो.’ मी काय करावे?
– एक नववधू, टेक्सास

उत्तर : बहुतेक ठिकाणी एकट्याचा मुक्काम कुटुंबासह असलेल्या मुक्कामापेक्षा कमी मुदतीचा असतो, हे खरे आहे. पण हा पर्याय एकदा कागदावर निवडला की तो बदलणे अवघड असते, आणि नंतर स्वखर्चाने तुम्ही तिथे गेलात तरी कमांड स्पॉन्सरशिप आपोआप मिळत नाही. त्यामुळे सही करण्यापूर्वी दोन्ही मुदतींचे नेमके महिने त्यांच्या कार्यालयातून लिहून आणायला सांगा, आणि यजमान प्रत्यक्षात किती महिने बेटावर असतील तेही विचारा. ते वर्षातले आठ महिने समुद्रावर असणार असतील, तर तुम्ही टेक्सासमध्ये नोकरी करणे शहाणपणाचे आहे. ते रोज संध्याकाळी घरी येणार असतील, तर मुली, तू जा. नोकरी ग्वाममध्येही शोधता येते, तो अमेरिकेचाच प्रदेश आहे.