तिसरा जॉर्ज : वेडा, जुलमी की हट्टी?

इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जला 'अमेरिका गमावणारा वेडा राजा' म्हणणं योग्य आहे का आणि आपल्या इतिहासाशी त्याचा काही संबंध येतो का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो, आणि भरपूर येतो.

२५ ऑक्टोबर १७६० ला आजोबा वारले आणि हा बाविसाव्या वर्षी गादीवर आला. पुढे अडीच-तीन महिन्यांत पानिपत झालं, म्हणजे काळ लक्षात येईल. मूळच्या जर्मन हॅनोव्हर घराण्यातला इंग्लंडमध्ये जन्मलेला हा पहिला राजा. अमेरिकेतल्या वसाहतींवरचे, युद्धाला कारण ठरलेले कर त्याच्या लहरीने बसले नव्हते, ते पार्लमेंटने बसवले. त्याचा खरा दोष त्यानंतरचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७७ मध्ये साराटोगाला इंग्रज फौज शरण गेली, पुढच्या वर्षी फ्रान्स युद्धात उतरला, पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ पुन्हा पुन्हा 'मला मोकळं करा' म्हणत होता, आणि राजा हेका सोडत नव्हता. मार्च १७८२ मध्ये नॉर्थ गेला, तेव्हा राजाने स्वतःच्या राजत्यागाचा मसुदा लिहून ठेवला होता. तो वापरला नाही. याला मी हट्ट म्हणेन, जुलूम नाही.

आजारपणाबद्दल लोक फार निर्दयपणे बोलतात, याचं मला वाईट वाटतं. १७८८ च्या हिवाळ्यात तो तासन् तास थांबता थांबेना असा बोलत सुटे. डॉक्टरांनी पायांवर औषधं लावून फोड आणले, हातपाय बांधणारा अंगरखा घातला, खुर्चीला जखडलं. त्या खुर्चीला तो स्वतःच 'राज्याभिषेकाची खुर्ची' म्हणायचा. फेब्रुवारी १७८९ मध्ये तो बरा झाला आणि मधली दोन छोटी आजारपणं सोडली तर १८१० पर्यंत कारभार पाहत राहिला. आजार पॉर्फिरियाचा, म्हणजे एका आनुवंशिक शारीरिक विकाराचा होता असं बरीच वर्षं मानलं जायचं. आता अनेक अभ्यासकांचा कल उन्मादाच्या मानसिक आजाराकडे आहे.

आता आपल्याकडचा भाग, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १७८३ मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळातल्या फॉक्सने ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार पार्लमेंटने नेमलेल्या सात जणांकडे द्यायचं विधेयक आणलं. ते कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात पास झालं. राजाने लॉर्ड टेंपलमार्फत निरोप फिरवला : जो या विधेयकाच्या बाजूने मत देईल, त्याला मी शत्रू समजेन. वरच्या सभागृहातल्या लॉर्ड्सनी विधेयक पाडलं, राजाने मंत्रिमंडळ काढलं आणि २४ वर्षांच्या धाकट्या पिटला पंतप्रधान केलं. जॉर्जच्या सत्तेची ताकद आणि तिचा गैरवापर, दोन्ही इथे दिसतं. अमेरिकेपेक्षा इथे त्याला दोष द्यायला हवा.

पिटच्या १७८४ च्या कायद्याने कंपनीवर सरकारी नियंत्रण मंडळ बसवलं. हिंदुस्थानात मुलूख जिंकत जाणं राष्ट्राच्या धोरणाविरुद्ध आहे, असं त्याच कायद्यात लिहिलं होतं. तरीही त्याच राजाच्या काळात १८०२ चा वसईचा तह झाला आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पेशवाई बुडाल्याचं खापर मात्र व्यक्तिशः जॉर्जवर फोडू नका. १८११ पासून राज्य युवराज रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा, म्हणून चालवत होता. अंध झालेला म्हातारा राजा विंडसरच्या किल्ल्यात होता आणि बाहेर काय चाललंय हे समजण्याच्या अवस्थेत नव्हता.