दारूच्या नशेत डोक्याला मार लागला असेल, तर बरे होण्यावर काय परिणाम होतो?

आपले मेहुणे दारू प्यायलेले असताना दुचाकीवरून पडले आणि त्यांच्या डोक्याला मार लागला. दारूमुळे त्यांचे बरे होणे लांबेल का आणि ‘दारूने उलट मेंदू वाचतो’ या एका नातेवाइकाच्या म्हणण्यात तथ्य आहे का, असे आपण विचारले आहे. अपघात विभागात परिचारिका म्हणून मी बारा वर्षे काम केले आहे.

नातेवाइकाचे म्हणणे अगदीच हवेतले नाही. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोक्याला मध्यम ते गंभीर इजा झालेल्या अडतीस हजार रुग्णांपैकी, रक्तात दारू आढळलेले ७.७ टक्के, तर न आढळलेले ९.७ टक्के दगावले. मात्र प्यायलेले रुग्ण वयाने तरुण होते आणि त्यांच्या इजाही तुलनेने सौम्य होत्या. तो हिशेब वजा केल्यावर फरक बराच आकसला, आणि गुंतागुंत तर त्यांच्यातच अधिक आढळली. त्यामुळे यात दिलासा शोधू नये, असे माझे मत आहे.

खरा धोका निराळाच आहे. रुग्ण डोळे उघडतो का, बोलतो कसा आणि हातपाय हलवतो कसे, यांवरून ३ ते १५ गुण देणारी ग्लासगो मोजणी १९७४ पासून वापरात आहे. पण जीभ जड होणे, ग्लानी, ओकाऱ्या ही लक्षणे नशेचीही असतात आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचीही. एका रात्री मित्रांनी आणून टाकलेला एक तरुण घोरत होता, अंगाला दारूचा भपकारा येत होता आणि ‘उतरली की उठेल’ असे सगळे म्हणत होते. तासाभराने मी बॅटरी मारून पाहिले, तेव्हा उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी दिसली. सीटी स्कॅनमध्ये कवटीखाली रक्त साचलेले निघाले. रक्तातली दारू तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम प्रति १०० मिलिलिटर या गतीने उतरते. या हिशेबाने दारू उतरण्याइतका वेळ जाऊनही शुद्ध सुधारत नसेल, तर दोष दारूला देता येत नाही.

याशिवाय बेशुद्धीत ओकारी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि तसे झाले की मुक्काम हमखास वाढतो.

मेहुणे रोज पिणारे असतील, तर मात्र प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. दारू अचानक बंद झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास हात थरथरणे, भ्रम होणे, सलाईन उपसून टाकणे असे प्रकार सुरू होतात. ते मेंदूच्या इजेमुळे की दारू सुटल्यामुळे, हे ठरवताना भले भले गोंधळतात. अशा रुग्णांत ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, म्हणून ग्लुकोजच्या आधी किंवा त्याच्यासोबत थायमिन, म्हणजे हेच ब-१, देतात. यकृत बिघडलेले असल्यास रक्त लवकर गोठत नाही, ते वेगळेच.

म्हणून डॉक्टरांना पिण्याचे खरे प्रमाण सांगावे. बहुतेक घरांत लाजेपोटी ‘कधीतरी घेतात’ एवढेच सांगतात. एका बाईंनी भावांसमोर तसेच सांगितले, आणि नंतर पाण्याची बाटली भरण्याच्या निमित्ताने बाहेर येऊन मला हळूच म्हणाल्या, ‘सिस्टर, रोज दोन क्वार्टर लागतात त्यांना.’ त्यांच्या पतीचे थायमिन त्याच पाळीत सुरू झाले.