मुलीचा मोबाइल काढून घेऊ का?

आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. मुक्ताच्या (नाव बदललं आहे) आईनेही तोच विचारला. मुलगी नववीत. शाळेच्या वेळेला पोटात दुखायचं, रविवारी नाही. सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं, रिपोर्ट नॉर्मल. मग एकदा रात्री दोन वाजता ती पांघरुणात फोन बघत रडताना सापडली.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा स्टिकर फिरत होता. सहलीत वडापावचा घास घेताना काढलेला फोटो, त्यातला तोंड वासलेला चेहरा तेवढा कापून घेतलेला. कुणाला गणितात भोपळा मिळाला, टाक स्टिकर. सर ओरडले, टाक स्टिकर. शिवी कुणीच दिली नव्हती, मग तक्रार तरी कसली करायची, असं तिला वाटायचं.

"ग्रुप सोड ना मग," आई म्हणाली.

"सोडला तर माझ्या मागे काय बोलतात ते कळणारच नाही."

मुलं जागी राहतात ती यासाठी. झोप मोडली की चिडचिड येते, अभ्यासातलं लक्ष उडतं आणि 'माझं तोंडच तसलं' हे मनात घट्ट बसतं.

फोन काढून घेऊ नका, असं मी सांगितलं. फोन जाईल या धास्तीनेच तर ती घरात बोलली नव्हती. फक्त रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, बाबांचासुद्धा. (बाबांनीच जास्त कुरकुर केली.) सोसायटीच्या ग्रुपवर 'त्या' मुलांच्या आयांना झापायचा बेतही रद्द करायला लावला. तारीख आणि नंबर दिसतील असे स्क्रीनशॉट घेऊन दोघी वर्गशिक्षिकेला भेटल्या. बाईंनी ॲडमिन मुलाला बसवून ग्रुपवरचे स्टिकर सगळ्यांसाठी डिलीट करायला लावले. एकाने येऊन सॉरी म्हटलं, बाकीच्यांनी नाही. मुक्ताची झोप आधी सुधारली, पोटदुखी बऱ्याच उशिराने गेली. फोटोला मात्र ती अजून उभी राहत नाही.

हे थट्टेवर निभावलं. चेहरा अश्लील फोटोला जोडला असेल, तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायदा लागू होतो. तो फोटो पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका, थेट सायबर पोलिसांकडे जा. आणि मूल 'जगून काय उपयोग' असं बोललं, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. रात्र झाली असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.