डेस्कटॉपसाठी प्रोसेसर निवडताना वीजबचत आणि वेग यांचा मेळ कसा घालावा?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: दिवसभर टायपिंग, ब्राउझर आणि हिशेबाच्या शीट, रात्री तास-दीड तास व्हिडिओ एडिटिंग, असा वापर असलेल्या घरच्या डेस्कटॉपसाठी 65 वॉटचा प्रोसेसर घ्यावा की 105 किंवा 125 वॉटचा, आणि मोठा घेतला तर वीजबिलाचे व सध्याच्या 600 व्हीएच्या यूपीएसचे काय होईल. आधी उत्तर सांगतो, मग कारणे. खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यावरून बिलाचा अंदाज बांधू नये. आपल्या वापरात बिल ठरते ते यंत्र मोकळे बसलेले असताना किती वीज खाते यावरून. आणि जड कामाच्या वेळची उधळपट्टी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगच्या मेनूत, एक मर्यादा लावून बरीचशी थांबवता येते, त्यासाठी वेगात द्यावी लागणारी किंमत अगदी किरकोळ असते.

प्रथम तो आकडा. खोक्यावर वॉटमध्ये छापलेला टीडीपी (थर्मल डिझाइन पॉवर) म्हणजे प्रोसेसरची प्रत्यक्ष वीज नव्हे. कूलर कोणत्या ताकदीचा लागेल हे सांगण्यासाठी ठरवलेला तो एक संदर्भ आहे आणि प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने ठरवते. एएमडीच्या सध्याच्या डेस्कटॉप रायझनमध्ये मदरबोर्डवरच्या सॉकेटमधून ओढण्याची खरी मर्यादा टीडीपीच्या साधारण 1.35 पट असते, म्हणजे 65 वॉटचा प्रोसेसर 88 वॉटपर्यंत, 105 वॉटचा 142 पर्यंत आणि 170 वॉटचा 230 पर्यंत जातो. इंटेलने बाराव्या पिढीपासून दोन आकडे छापायला सुरुवात केली हे बरे झाले: कोअर आय5-12400 साठी मूळ 65 आणि कमाल 117 वॉट, तर कोअर आय9-13900के साठी मूळ 125 आणि कमाल 253 वॉट. दुकानदार मात्र अजूनही पहिलाच आकडा सांगतो.

आता एवढी वीज जाते कुठे, ते पाहू. प्रोसेसरमधल्या कोट्यवधी ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीसाठी लागणारी वीज क्लॉकच्या, म्हणजे दर सेकंदाला पडणाऱ्या ठोक्यांच्या, प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि क्लॉक एका हद्दीपलीकडे न्यायचे तर व्होल्टेज वाढवावेच लागते. समजा, शेवटचे 10 टक्के क्लॉक मिळवण्यासाठी 15 टक्के जास्त व्होल्टेज द्यावे लागले, तर 1.1 गुणिले 1.15 चा वर्ग, म्हणजे जवळजवळ 1.45; दहा टक्के वेगासाठी पंचेचाळीस टक्के जास्त वीज. शिवाय चिप तापली की ट्रान्झिस्टर बंद असतानाही पाझरणारी वीज वाढते, ती वेगळीच. कंपन्या आपले महागडे प्रोसेसर नेमके या चढाच्या टोकावर बसवून विकतात, कारण परीक्षणांतल्या तक्त्यांमध्ये स्पर्धकापेक्षा दोन-तीन टक्के वर दिसणे त्यांना महत्त्वाचे वाटते. त्या दोन-तीन टक्क्यांचे वीजबिल आणि पंख्याचा आवाज मात्र आपल्या वाट्याला येतो.

ही चूक उद्योगाने पूर्वी एकदा करून पाहिली आहे. ट्रान्झिस्टर लहान होत जातील तसे त्यांचे व्होल्टेजही उतरेल आणि तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चिपची वीज वाढणार नाही, हे 1974 साली रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले गणित सुमारे तीस वर्षे चालले आणि मग थबकले. 2004 साली आलेला 'प्रेस्कॉट' पेंटियम 4 पुढे 3.8 गिगाहर्ट्झ आणि 115 वॉटपर्यंत पोहोचला, पण जाहीर केलेला 4 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर इंटेलला रद्द करावा लागला. तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या व्यासपीठावर गुडघे टेकून त्याबद्दल माफीही मागितली होती, अर्थात थोडी गमतीने. दोन वर्षांनी, 2006 च्या जुलैमध्ये, लॅपटॉपच्या प्रोसेसरांच्या वंशातला कोअर 2 ड्युओ आला आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या, 65 वॉटच्या ई6600 ने त्या 3.8 गिगाहर्ट्झच्या धुराड्याला सहज मागे टाकले. क्लॉकचा आकडा आणि वॉटचा आकडा या दोहोंपैकी एकही वेगाचे माप नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

माझ्या टेबलावरच्या यंत्रात 105 वॉटचा रायझन 7 7700एक्स आहे. घेतल्यावर काही दिवस त्याचा पंखा रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणे) सुरू होताच असा काही घोंघावायचा की घरातल्यांनी खोलीचे दार लावून घ्यायला सुरुवात केली. मग मी प्लगमध्ये अडकवायचा एक साधा वॉटमीटर आणला, तो एक्स्टेन्शन बोर्ड आणि संगणक यांच्यामध्ये लावला आणि एकच दहा मिनिटांचे रेंडर दोनदा करून पाहिले. आहे त्या सेटिंगवर संपूर्ण यंत्र भिंतीतून 205 वॉटच्या आसपास ओढत होते. नंतर बायोसमध्ये जाऊन 'इको मोड' 65 वॉटवर (म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे 88 वॉटच्या खऱ्या मर्यादेवर) ठेवला, त्यासाठी मेनू शोधण्यासकट पाच मिनिटे लागली, आणि तेच काम 150 वॉटच्या आसपास झाले. वेळ लागला दहा मिनिटे पस्तीस सेकंद. म्हणजे पस्तीस सेकंद जास्त देऊन एका रेंडरमागची वीज 34 वॉट-तासांवरून 26 वर आली आणि प्रोसेसरचे तापमान 95 अंशांच्या कमाल मर्यादेला टेकायचे ते बरेच खाली राहिले. एडिटिंग करताना, टाइमलाइन पुढेमागे सरकवताना मला काडीचाही फरक जाणवला नाही, कारण अशा कामात प्रोसेसरमधले एकदोन कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, क्षणभर वर उसळतात आणि तेवढ्याने 88 वॉटची मर्यादा ओलांडली जात नाही.

हा मीटर मात्र काही तरी वेगळेच शिकवून गेला. काहीही न करता, नुसता डेस्कटॉप समोर असताना तो 65 वॉटवर रेंगाळत होता, माऊस हलवला की 70-75, सोडला की पुन्हा 65. आणि इको मोड लावल्यावरही हा आकडा तसूभर हलला नाही. मर्यादा ही छतासारखी असते, जमिनीला ती काही करत नाही. आता हिशेब करून पाहा. रोज दीड तास रेंडर धरले तर इको मोडमुळे वर्षाला सुमारे 25 युनिट वाचतात. युनिटचा दर आपल्याकडे वापराच्या टप्प्यांनुसार बदलतो, पण सोयीसाठी 10 रुपये धरला तर अडीचशे रुपये झाले. उलट रोज दहा तास 65 वॉटवर बसलेले यंत्र वर्षाला 237 युनिट खाते. तेच 40 वॉटवर बसणारे असते तर 146 लागली असती, म्हणजे नऊशे रुपयांचा फरक. आणि रात्री 'डाउनलोड चालू आहे' म्हणून आठ तास तसेच सोडले तर आणखी 190 युनिट, एकोणीसशे रुपये. (हे डाउनलोड बहुधा रात्री साडेअकरालाच संपलेले असते, हे मी स्वतःबद्दल कबूल करतो.)

म्हणून आपल्यासारख्या वापरात मोकळ्या बैठकीतली वीज आधी पाहावी. चिपलेट पद्धतीच्या रायझनमध्ये कोअर एका तुकड्यावर आणि मेमरी व इतर जोडण्यांचा भाग दुसऱ्या तुकड्यावर असतो, त्यांच्यातला संपर्क सतत जागा ठेवावा लागतो, त्यामुळे ते मोकळे असतानाही काहीसे जास्त खातात. एकाच तुकड्यावर घडवलेले, म्हणजे इंटेलचे बाराव्या ते चौदाव्या पिढीतले प्रोसेसर किंवा एएमडीचे 5600जी सारखे ग्राफिक्ससह येणारे, या बाबतीत सरस ठरतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड, दुसरा मॉनिटर, मदरबोर्डवरची झगमगती दिव्यांची आरास, हे सगळे याच आकड्यात भर घालत असते. ॲपलने एम1 च्या मॅक मिनीसाठी मोकळे असताना 6.8 वॉट आणि कमाल 39 वॉट असे आकडे दिले होते. आपला असेंबल केलेला डेस्कटॉप तिथे पोहोचणार नाही, पण वाव किती आहे हे त्यावरून कळते.

याच कारणामुळे इंटेलच्या नावापुढे 'टी' लावलेल्या 35 वॉटच्या प्रोसेसरांचा मोह टाळावा असे माझे मत आहे. मोकळे असताना ते आपल्या 65 वॉटच्या भावंडांपेक्षा विशेष कमी खात नाहीत, फक्त जड कामात हात आखडता घेतात. काम फार रेंगाळले तर रॅम, मदरबोर्ड आणि मॉनिटर तेवढा वेळ जागे राहून वाचवलेले पुन्हा खातात. छोट्या, कोंदट कॅबिनेटमध्ये बसवायचा असेल तर ती गोष्ट निराळी.

मर्यादा स्वतः तपासायची आणखी एक गरज आहे. अनेक मदरबोर्ड आपल्या मूळ सेटिंगमध्येच इंटेलने सांगितलेली वीजमर्यादा उठवून ठेवत आले आहेत. त्यात 2024 मध्ये तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता आणि झीज होत असल्याचे इंटेलनेच मान्य केले आणि ऑगस्टपासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या आज्ञावलीच्या) दुरुस्त्या दिल्या. त्या पिढीतला प्रोसेसर घेणार असाल, विशेषतः आधी वापरलेला, तर पहिल्या दिवशी बायोस अद्ययावत करावे आणि इंटेलची शिफारस केलेली मर्यादाच निवडावी. विंडोजमध्ये 'बॅलन्स्ड' प्लॅन पुरेसा आहे. 'हाय परफॉर्मन्स' निवडल्याने प्रोसेसर निवांत असतानाही क्लॉक वर धरून बसतो आणि हाती काही लागत नाही.

एसएमपीएसबद्दल, म्हणजे संगणकाच्या आतल्या वीजपुरवठ्याच्या पेटीबद्दल, थोडक्यात: 80 प्लस या कार्यक्षमतेच्या मानांकनाच्या नेहमीच्या पट्ट्या 20, 50 आणि 100 टक्के भारावर मोजलेल्या असतात. 850 वॉटचा एसएमपीएस घेऊन त्यावर दिवसभर 60 वॉटचे यंत्र चालवले तर तो सात टक्के भारावर राबतो आणि तिथली कार्यक्षमता त्या पट्टीवरून कळत नाही. आपल्याला 450 ते 550 वॉटचा चांगला एसएमपीएस पुरेल.

राहिला यूपीएस. 600 व्हीएच्या बहुतेक यूपीएसवर 360 वॉट असा आकडा असतो. 88 वॉटवर बांधलेला प्रोसेसर, 115 वॉटचे आरटीएक्स 4060 सारखे ग्राफिक्स कार्ड आणि बाकी सगळे मिळून 50 वॉट धरले, त्यात एसएमपीएसमधली तूट मिळवली, तरी 290 च्या आसपास जाऊन थांबते. मॉनिटरसह जेमतेम बसते आणि वीज गेल्यावर फाइल सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो. 253 वॉट ओढणारा प्रोसेसर असेल तर रेंडर चालू असताना वीज जाताच हा यूपीएस शिट्टी मारून थेट बंद पडेल.

म्हणून माझी निवड अशी राहील: सहा ते आठ कोअरचा 65 वॉटचा प्रोसेसर. 105 वॉटचा त्याच किमतीत मिळत असेल तर तोही घ्यावा, पण बायोसमध्ये लगेच 65 वर बांधून. वाचलेल्या पैशांतून शक्य झाल्यास एक वॉटमीटर घ्यावा आणि पहिल्या आठवड्यात विंडोजमध्ये वीस मिनिटांनी स्लीप होण्याचे सेटिंग चालू करून मीटर काय दाखवतो ते पाहावे. माझ्याकडे तो स्लीपमध्ये 3 वॉट दाखवतो.