स्टिकर बघून निर्धास्त होऊ नकोस

अरे, रेडिओ सिग्नल मोजायच्या रिसीव्हरवर कॅलिब्रेशनचं, म्हणजे मोजमाप तपासून घेतल्याचं, नवीन स्टिकर लागलं म्हणजे वर्षभर बघायला नको असं समजू नकोस. रोज सकाळी अर्धा तास गरम होऊ दे आणि मग सिग्नल जनरेटरवरून -17 डीबीएम (सिग्नलची पॉवर) सोड, रिसीव्हरवर 50 ओहमला 90 डीबीमायक्रोव्होल्ट (तोच सिग्नल व्होल्टेजमध्ये) दिसायला पाहिजे, केबलचा लॉस असेल तेवढंच कमी. माझं एकदा रीडिंग 4 डीबी कमी येत होतं, दोन दिवस अँटेनाच्या मागे लागलो आणि शेवटी बघतो तर केबलच्या टोकाच्या एन कनेक्टरची मधली पिन आत सरकलेली! म्हणून केबल हलवून बघत जा, आकडा नाचला की ती सरळ बाजूला काढ. आणि अँटेनाचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आलं की नुसतं फाइलला लावू नकोस रे, त्यातला नवीन अँटेना फॅक्टर (रीडिंगवरून हवेतल्या सिग्नलची तीव्रता काढायचा आकडा) सॉफ्टवेअरमध्ये टाक, हे हमखास राहून जातं.